बिशपसाहेबांनी विचारलेला प्रश्न

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलंय. तरी सांगते.

आमच्या अँग्लिकन चर्चमध्ये भांबळ नावाच्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायकांना उपासनेत शास्त्रवाचन करू दिलं, म्हणून त्यांना काढायला बिशपसाहेब स्वतः आले. जो विरोध करील त्याचं नाव चर्चच्या मंडळीतून कमी होणार होतं. म्हणजे चर्चमध्ये लग्न नाही, की मेल्यावर कबरीला जागा नाही. सगळे माना खाली घालून बसले. एस्तेरआत्या मात्र उभी राहिली.

"पाळकांना राहू द्या, साहेब."

"बाई, तुम्हाला कुणी विचारलं?" बिशपसाहेब गरजले.

आत्या म्हणाली, "तुम्हीच, साहेब. यांच्या पाळकपदाच्या दीक्षेच्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना विचारलंत, 'यांना सेवेत साथ द्याल का?' आम्ही देवासमोर 'देऊ' म्हणालो. आता तो शब्द मोडा, असं तुमच्या तोंडाने सांगा. मी लगेच खाली बसते."

बिशपसाहेब उठले आणि दाराकडे निघाले. पाळक राहिले. पण आत्या अजूनही दार वाजलं की दचकते, कारण जाताना बिशपसाहेब तिच्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "याचा हिशेब मागायला मी एक दिवस तुमच्या दारी येईन, बाई." थांबा, आत्या हाक मारतेय. आले गं आत्या, आले!