टोप्यांची चढण

सायकली भिंतीला टेकवा, पाणी प्या आणि हा दगड नीट पाहून घ्या. चुना फासलेला, गुडघ्याएवढा. असाच दुसरा दगड वर आहे, तिसऱ्या वळणाच्या पुढे, बेनालफार गावाची हद्द लागते तिथे. या दोन दगडांच्या मधल्या चढाला 'क्वेस्ता दे लोस सोंब्रेरोस' म्हणतात, म्हणजे टोप्यांची चढण. दक्षिण स्पेनच्या डोंगरांत याहून लांब घाट पुष्कळ आहेत, उंचही आहेत. पण इथली रीत दुसरीकडे नाही. या दोन दगडांच्या मध्ये सायकलवाल्याने जमिनीला पाय लावायचा नाही. लागला, तर मुकाट्याने खाली यायचं आणि या दगडापासून पुन्हा सुरुवात करायची. भले भले इथून शिव्या देत खाली आलेले मी पाहिले आहेत, तेव्हा तुम्ही लाजू नका.

भिंतीवर खुंट्यांना या टोप्या टांगल्यात, गवताच्या, कापडी, ती एक लोकरीची. त्यांचं काय ते शेवटी सांगते. बाबरसाहेब, तुमचं ते ठोके मोजणारं घड्याळ तेवढं गप्प करा. चढ अजून सुरूसुद्धा झाला नाही आणि ते किंचाळायला लागलं.

मी मूळची महाडची. वरंधा घाटाच्या पायथ्याशी वाढले आणि लग्न होऊन या डोंगरात आले. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूने. खरी किती आणि पदरची किती, हे मी एकदा विचारलं होतं. सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तेव्हापासून मी विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

त्या काळी, असं सांगतात, या दगडापासून त्या दगडापर्यंतची सगळी जमीन दोन एव्हारिस्तो नावाच्या जमीनदाराची होती. 'दोन' म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजा. वर बेनालफार, पाठीमागे उभा कडा, आणि खाली उतरायला हा एकच रस्ता, तोही त्याच्या जमिनीतून. गावातली सगळी माणसं त्याच्याच ऑलिव्हच्या बागांत राबायची. पुरुष लांब काठ्यांनी फांद्या झोडायचे आणि बायका गुडघ्यांवर बसून खाली पडलेली फळं वेचायच्या. हिवाळ्यात, ओल्या मातीत, दिवसभर. मजुरी मात्र पुरुषांना पूर्ण आणि बायकांना अर्धी.

एका वर्षी बायकांनी सांगितलं, पूर्ण मजुरी दिल्याशिवाय वेचणार नाही. आणि नवल असं की पुरुषही म्हणाले, मग आम्हीही झोडणार नाही. दोन एव्हारिस्तो घोड्यावर बसून गावाच्या चौकात आला. आजवर गुडघ्यांवर काम केलंत तेव्हा कुणाचं काय दुखलं नाही, असं तो म्हणाला म्हणे. त्यावर एक म्हातारी उठून उभी राहिली.

"मालक, वेचताना आम्ही गुडघ्यांवर असतो. म्हणून जन्माचे गुडघे टेकले असं समजू नका."

हे त्याला फार लागलं. त्याने तिथेच, सगळ्या गावासमोर शपथ घेतली. आजपासून ज्याचा पाय माझ्या जमिनीला लागेल, मग तो माणसाचा असो, गाढवाचा असो की खेचराचा, त्याला चोर म्हणून बांधीन. कामावर येणार असाल तरच रस्ता उघडेल. मग त्याने रस्त्यावर पहारेकरी बसवले आणि पोटाला चिमटा बसला की गाव आपोआप खाली येईल म्हणून घरी जाऊन निवांत झोपला.

हिशेब तसा बरोबर होता. गावात पीठ येत होतं ते खालच्या पाणचक्कीवरून. काही दिवसांत डबे खरवडायची वेळ आली. बायका पोरांना उकडलेला रानपाला घालायच्या आणि आपण पाणी पिऊन निजायच्या. अजून थोडे दिवस गेले असते तर गाव खाली उतरलं असतं, हे सासूबाईही मान्य करतात.

त्या पाणचक्कीच्या घरी फुएन्सांता नावाची सून होती. तिचं माहेर बेनालफार. माहेर उपाशी आणि सासरी पिठाच्या राशी! आपल्याकडच्या बाईला याहून जास्त सांगायला नको. चक्कीवर एक जुनी सायकल पडून होती. गावोगाव फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा एक माणूस आजारपणात तिथे राहिला होता, तो जाताना ती देऊन गेला. तेव्हा या डोंगरात सायकल म्हणजे तमाशाच. गिअर नाहीत, ब्रेक असून नसल्यासारखा. फुएन्सांता ती खळ्यात गोल गोल फिरवायला शिकली होती, निव्वळ हौस म्हणून. सासू म्हणायची, बाईच्या जातीला शोभतं का हे? आता त्याच सासूने पिठाचं पोतं मागे बांधून दिलं असं सांगतात. माझ्या सासूबाई या जागी थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

सकाळ झाली तशी फुएन्सांता या दगडापाशी आली. पहारेकऱ्यांनी अडवलं. ती म्हणाली, "पाय लागला तर बांधा." आणि पॅडल मारत निघाली. चढावर तिने सरळ रेघ धरलीच नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी, जसं ओझ्याचं जनावर चढतं तशी ती चढत गेली. पहारेकरी बाजूने पळत तिच्या पायांकडे बघत होते. पाय काही खाली आला नाही. वर पीठ पोचलं आणि त्या दिवशी बेनालफारमध्ये भट्टी पेटली. उतरताना ब्रेक लागेना तेव्हा तिने बुटाचा तळवा चाकावर दाबून धरला, आणि जळक्या चामड्याचा वास घेऊन ती घरी आली.

दोन एव्हारिस्तोला शपथ बदलता आली असती. पण चारचौघांत दिलेला शब्द फिरवला असं म्हणवून घेणं त्याला मरणाहून जड. तो खालून ओरडला, "चढू दे तिला! आज ना उद्या पाय टेकेल. ज्या दिवशी टेकेल त्या दिवशी पीठही माझं आणि तुम्हीही जुन्या मजुरीवर खाली याल. कबूल?"

वरून उत्तर आलं, "कबूल!"

मग रोजचंच झालं. फुएन्सांता पोतं घेऊन चढायची आणि तो घोड्यावरून बघायचा. त्याने रस्त्यावर खडी टाकली, तिने खडीतून वाट काढली. पहारेकऱ्यांना कुत्री सोडायला सांगितली. कुत्री चक्कीवरच वाढलेली, ती शेपट्या हलवत तिच्या बरोबर वरपर्यंत गेली. कुत्र्यांचे पाय लागले त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं म्हणे. जमीनदाराने घोडा वळवला.

शेवटी त्याला सुचलं ते सगळ्यात वाईट. ऑलिव्हचं तेल काढल्यावर तळाशी काळं, तेलकट पाणी उरतं. मागच्या वर्षीचं ते पाणी हौदात साठलेलं होतं. ते त्याने तिसऱ्या वळणावर ओतायला लावलं. तिथे रस्ता भिंतीसारखा उभा होतो, पुढे तुम्हाला कळेलच. त्या दिवशी फुएन्सांता वळणावर आली आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं. ती उभी राहून पॅडल मारत होती, पोतं मागे ओढत होतं, सायकल तसूभर पुढे सरकेना. वरच्या दगडाआड सगळं गाव उभं होतं. त्यांना पुढे येता येत नव्हतं, पाय लागला असता. सगळ्यांना दिसत होतं की ती आता कलतेय. बायकांनी डोळे मिटून घेतले. तिचा डावा पाय सुटला आणि खाली आला.

तो खाली पोचायच्या आत एका पहारेकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून तिथे टाकली. हासिंतो त्याचं नाव. खालच्या गावचा, अबोल माणूस. त्याच्या आईचे गुडघे याच बागांत गेले होते, उतारवयात तिला उठता येत नव्हतं. फुएन्सांताचा पाय त्या टोपीवर पडला.

"टेकला! पाय टेकला!" दोन एव्हारिस्तो ओरडला.

"टोपीवर टेकला, मालक," हासिंतो म्हणाला. "टोपी माझी आहे."

"आणि टोपी कुठे आहे? माझ्या जमिनीवर!"

"टोपीला पाय नसतात, मालक."

जमीनदाराने तिथल्या तिथे त्याला नोकरीवरून काढलं. पण नोकरी गेली म्हणजे त्याच क्षणी हासिंतोचा त्या जमिनीवर उभं राहण्याचा हक्कही गेला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच्या तर आणखी लवकर आलं. त्याने पटकन पाय उचलला आणि फुएन्सांताच्या शेजारी त्याच टोपीवर एका पायावर उभा राहिला. एका हाताने त्याने सायकलची सीट धरली. एका टोपीवर दोन माणसं, एक सायकल आणि एक पोतं, आणि समोर उभा चढ.

तेव्हा वरून पहिली टोपी आली. कुणा म्हाताऱ्याची, गवताची. वाऱ्याने ती उचलली आणि थेट दरीत नेली.  मग चौकात बोललेल्या त्या म्हातारीने आपली टोपी सोडली, तिच्यात दगड घातला आणि फेकली. ती बरोबर समोर पडली. मग एकच झुंबड उडाली. वेचणाऱ्या बायका डोक्याला रुमाल बांधून त्यावर गवताची टोपी घालायच्या. त्या सगळ्या टोप्या दगड घालून खाली यायला लागल्या. एक म्हणे घोड्याच्या नाकावर बसली. फुएन्सांता एका टोपीवरून दुसऱ्या टोपीवर पाय ठेवत, सायकल ढकलत चालली. जिथे अंतर जास्त होतं तिथे तिने मागची टोपी उचलून पुढे टाकली, आधी हासिंतोसाठी, मग स्वतःसाठी. दोघं वरच्या दगडापलीकडे पोचली तेव्हा सायकल कुणी धरली आणि पोतं कुणी उतरवलं, ते कुणालाच आठवत नाही. त्या रात्री बेनालफारमध्ये एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती, आणि पोटात भाकरी होती.

इकडे बागांत ऑलिव्ह पिकून गळायला लागली. पक्ष्यांनी ताव मारला, उरलेली चिखलात कुजली. एके दिवशी दोन एव्हारिस्तो एकटाच वर आला. वरच्या दगडापाशी तो घोड्यावरून उतरू लागला तेव्हा गाव म्हणालं, "मालक, जपून. इथून पुढची जमीन आमची आहे. तुमचा पाय लागता कामा नये."

तो रिकिबीत एक पाय अडकवून तसाच लटकत राहिला. समोर सगळं गाव उभं होतं, सगळ्यांच्या डोक्यावर नव्या विणलेल्या टोप्या होत्या. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीही टोपी काढली नाही. हासिंतोनेही नाही, फुएन्सांतानेही नाही. शेवटी त्याने स्वतःची उंची काळी टोपी डोक्यावरून काढली, खाली ठेवली आणि तिच्यावर उभा राहून म्हणाला की बायकांना पूर्ण मजुरी मिळेल. ती टोपी पार चेपली. बायका दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, आपल्या पायांनी, याच रस्त्याने.

आजही या चढणीवर पाय टेकवायचा नाही तो यासाठी. आजही शर्यत असते तेव्हा तिसऱ्या वळणावर बेनालफारचं गाव येऊन उभं राहतं, आणि ज्याचा पाय सुटताना दिसेल त्याच्याखाली टोपी टाकतं. तो कुठल्या देशाचा, कितवा, कुणी विचारत नाही. टोपीवर पडलेला पाय जमिनीला लागला असं धरत नाहीत. माझ्या सासूबाई आता खुर्ची घेऊन बसतात, पण त्यांचा नेम अजून चुकत नाही.

तर आता खुंटीवरची एकेक टोपी घ्या आणि पाठीमागे खोचा. नाही बाबरसाहेब, स्वतःसाठी नाही. आपली टोपी आपल्याच पायाखाली घातलेली इथे चालत नाही, ती शेजारच्यासाठी असते. हासिंतोने टोपी टाकली ती फुएन्सांतासाठी; निव्वळ स्वतःसाठी टोपी टाकून तिच्यावर उभा राहिलेला या रस्त्यावर आजवर एकच माणूस झालाय, आणि त्याचं नाव इथे कुणी पोरालासुद्धा ठेवत नाही. चला, निघू या.