भुरीचा धोंडा

डोंगरातल्या वाटा अजून जनावरंच पाडत होती, तेव्हाची ही गोष्ट. भुरी नावाची रानडुकरीण रोज पाण्याला जाताना मुसकटाने एक धोंडा तीनदा उचलायची आणि धाप लागायच्या आत थांबायची. धोंडा हलका वाटू लागला की त्याहून मोठा शोधायची.

अस्वल मात्र आठवड्यातून एकदाच कंबर मोडेपर्यंत धोंडे उचलायचं आणि मग चार दिवस कण्हत पडायचं.

"ना घाम, ना धाप. ही कसली मेहनत?" ते भुरीला हसायचं.

"दादा, उद्याही उचलायचाय," भुरी म्हणायची.

ऐन वैशाखात कड्यावरून शिळा घसरली आणि एकुलत्या झऱ्याच्या तोंडावर बसली. अस्वल नेमकं आदल्या दिवशीच्या मेहनतीने आडवं झालेलं. भुरीने पाय रोवले, मुसकट शिळेखाली घातलं. शिळा डुगडुगली आणि बाजूला कलंडली. पाणी खळाळत साऱ्या रानाच्या पायांवरून वाहिलं.

चार दिवसांनी अस्वल उठलं आणि भुरीचा पहिला, लहानसा धोंडा त्याने तीनदा उचलला.

"अजून एकदा," माकडं ओरडली.

धोंडा खाली ठेवत अस्वल म्हणालं, "उद्या."