सुगंध कोंडलेले झाड

एका राज्यात, जिथले धुके दुपार चढेपर्यंत डोंगरावरून हलत नसे, वज्रबाहू नावाचा राजा होता. त्याची राणी कुमुद्वती. तिला अनंताच्या फुलांचे वेड. राजवाड्याच्या चारी अंगांना तिने अनंताची झाडे लावली होती, आणि रोज पहाटे त्यांतले एक ताजे फूल ती राजाच्या उशाशी ठेवी. एका साली तापाची साथ आली. राणी अंथरुणाला खिळली आणि अनंत फुलण्याच्या दिवसांतच गेली.

झाडे मात्र फुलत राहिली. राजा दरबारात बसला तरी तो वास, पानावर बसला तरी तो वास. दारे लावली, पडदे सोडले, तरी वास आत येई. अखेर राजाने कालंजरीला बोलावणे पाठवले. ही डोंगरावर राहणारी मांत्रिकीण. वारा तिच्या मुठीत राही.

"माझ्या राज्यातला सुगंध काढून ने," राजा म्हणाला.

"एका फुलाचा की सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"त्याच्यासोबत आणखी काय जाईल, ते विचारत नाहीस?"

"नाही."

कालंजरीने पदर पसरला. फुलांतून, ओल्या मातीतून, शिजत्या भातातून, माणसांच्या अंगाखांद्यांतून वास निघाला आणि तिच्या पदरात गोळा झाला. डोंगरमाथ्यावर चहाचे एक जुने झाड होते, त्याच्या पानांत तिने तो कोंडला आणि फांदीवर एक धनेश पक्षी राखणीला बसवला. धनेशाला माणसाची वाचा होती.

त्या दिवशी राजाला गाढ झोप लागली.

पुढे मधमाश्यांनी पोळी सोडली आणि त्या राज्याच्या सीमेपलीकडे गेल्या. झाडे मोहरली, पण फळ धरेना. गायी वासरांना चाटून बघत आणि दूर सारत. लोक जेवत, पण अन्नात चव नव्हती. पोट भरे, मन भरत नसे. राजाला हे सारे कळत होते. प्रधान येऊन सांगे, राजा ऐकून घेई आणि मान फिरवी.

मग त्याची एकुलती एक लेक, तमालिका, बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पण बाळ तिच्या छातीशी धरले की तोंड फिरवी आणि रडे. दाईने कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजून पाहिले, ते त्याच्या अंगी लागेना. बाळ दिवसागणिक वाळत चालले. तेव्हा तमालिका बाळंतपणाच्या ओल्या अंगाने, कोणाचा आधार न घेता दरबारात आली.

"तात," ती म्हणाली, "माझं बाळ मला ओळखत नाही. माझ्या अंगाला आईचा वास नाही. तो तुम्ही कालंजरीला दिलात. आई गेल्याचं दुःख तुम्हाला एकट्याला नव्हतं. पण मला कोणी विचारलं नाही."

राजा उठला. मुकुट सिंहासनावर ठेवून तो तसाच अनवाणी डोंगराकडे चालू लागला.

माथ्यावर कालंजरी झाडाखाली बसली होती. "सुगंध परत दे," राजा म्हणाला. ती म्हणाली, "मी नेला तो तुझ्या शब्दाने. परत यायचा तोही तुझ्याच जिभेवरून. तीन कामे कर. या झाडाचे पान सिद्ध कर. पाणी आण. मग त्याचे पेले पी आणि प्रत्येक पेल्यात काय लागले ते खरे सांग. खोटे बोललास तर सुगंध या झाडातच राहील, आणि मलाही तो सोडवता येणार नाही."

राजाने पाने खुडली. धनेश वरून सांगत गेला आणि राजा करत गेला. पाने सावलीत पसरून मरगळू दिली. मग सुपात घेऊन हलक्या हाताने पाखडली, म्हणजे पानाच्या कडा एकमेकींवर आपटून दुखावतात. मग विसावू दिली, पुन्हा पाखडली. दुखावलेल्या कडेवर हळूहळू तांबूस रंग चढू लागला.

"कड तांबडी, पोट हिरवे," धनेश म्हणाला. "तिथेच थांब. अलीकडे थांबलास तर नुसते गवत. पलीकडे गेलास तर पानातला फुलाचा वास मेला."

राजाला अर्ध्यावर थांबायची सवय नव्हती. पहिल्या खेपेला त्याने पाखडणे सोडले नाही आणि पाने काळवंडून गेली. धनेशाने ती पंखांच्या वाऱ्याने दरीत उडवून लावली. दुसऱ्या खेपेला राजा एकेक पान उजेडाकडे धरून पाहत राहिला. वासाचा आधार नव्हता, डोळे आणि बोटे एवढेच होते. कडेला लाली फिरली आणि मधला हिरवा रंग जिवंत होता, तेव्हा त्याने सूप खाली ठेवले. पाने तापल्या कढईत परतली, फडक्यात बांधून मळली, आणि त्यांचे मिऱ्यांएवढे गोळे झाले.

मग तो पाण्याला गेला. कड्याच्या पोटाशी एक झरा होता. कोणी हुकूम केला की तो जमिनीत जाई. राजा सवयीने म्हणाला, "पाणी दे." झरा आटला. राजा ओल्या दगडांपाशी बसून राहिला. मागायचे कसे, हे तो विसरला होता.

"लेकीचं बाळ उपाशी आहे," तो शेवटी म्हणाला. "थोडं पाणी मिळेल का?"

दगडांखालून पाणी वर आले. राजाने ओंजळीने घडा भरला.

कालंजरीने पाणी तापवले, मातीच्या भांड्यात ते गोळे टाकले आणि वरून पाणी ओतले. पहिला पेला भरला. रंग कोवळ्या उन्हाचा, किंचित हिरवट. राजाने तो एका घोटात संपवला.

"काय लागले?"

"गरम पाणी. मागे थोडा ओला पाला. दुसरे काही नाही."

"खरे आहे," धनेश म्हणाला. भांड्यातले गोळे जरा सैल झाले.

दुसऱ्यांदा पाणी ओतले. "घोट तोंडात धर," कालंजरी म्हणाली. "जिभेवर फिरू दे. मग गिळ आणि नाकाने श्वास सोड."

राजाने तसे केले. जिभेवर आधी ताज्या लोण्याचा मऊपणा आला. मग त्याने श्वास सोडला, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या नाकात वास आला. पेल्यातले पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडले.

"काय लागले?"

"कळत नाही," राजा म्हणाला.

भांड्यातली पाने मिटू लागली. धनेश फांदीवरून खाली उतरला आणि भांड्याकडे पाहत उभा राहिला. कालंजरी आज्ञा करत नव्हती, घाईही करत नव्हती.

"अनंत," राजा म्हणाला. "कुमुद्वतीने शेवटचे फूल आणले तेव्हा तिला ताप होता. भिंत धरून ती माझ्या उशाशी आली होती. ते फूल कडेने तांबूस झाले तरी मी फेकले नाही. उशीखाली ठेवले. ती नव्हती आणि तिचा वास होता, ते मला सोसले नाही."

पाने भांड्यात पूर्ण उलगडली. प्रत्येक पानाची कड तांबडी होती आणि पोट हिरवेगार.

तिसरा पेला फिकट होता. राजाने तो घोट घोट घेतला. वास आता हलका होता, लांबच्या अंगणातून यावा तसा. पेला रिकामा करून तो बसून राहिला. थोड्या वेळाने राजाच्या घशातून काहीतरी वर आले आणि जिभेच्या मुळाशी पसरले.

"गोड लागते आहे," तो नवलाने म्हणाला. "पाण्यात गोडी नव्हती. गिळल्यानंतर आली. अजून येते आहे."

"खरे आहे," कालंजरी म्हणाली. "आता सुगंध राज्यात परत जाईल. तुझे दुःखही त्याच्यासोबत परत येईल. ते मला वेगळे काढता येत नाही."

"येऊ दे," राजा म्हणाला.

झाडाची पाने एकदम हलली आणि सुगंध उतारावरून खाली निघाला. राजा त्याच्या मागोमाग उतरला. वाटेत एका झोपडीसमोर चूल पेटली होती आणि एक म्हातारी भाताच्या वाफेवर वाकून रडत होती. सीमेकडून मधमाश्यांचा थवा डोक्यावरून गेला.

राजा राजवाड्यात पोचला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेपा-ओव्याची धुरी दरवळत होती. बाळ तमालिकेच्या छातीशी चिकटले होते आणि दूध पीत होते. राजा दारात थांबला. आत जाण्याआधी त्याने विचारले, "येऊ का?"

तमालिकेने मानेने होकार दिला. तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. खिडकीतून अनंताचा वास आत आला. राजाचे डोळे भरले. या वेळी त्याने खिडकी लावायला सांगितले नाही.

"तात, आईला हेच फूल का आवडायचं?" तमालिकेने हळूच विचारले. आई गेल्यापासून तिचे नाव या घरात कोणी काढले नव्हते.

राजाने सांगायला सुरुवात केली. बाळ पिऊन झोपले, दिवेलागण झाली, तरी तो सांगत होता आणि ती ऐकत होती.

असा त्या राज्यात सुगंध परतला. मधमाशीला फूल मिळाले, वासराला गाय मिळाली, लेकराला आई मिळाली. ज्याचे जे गेले होते, ते ज्याचे त्याला मिळाले.