न रडणारा वर्ग

“…आणि रडलंच एखादं, तर?” अक्कांनी विचारलं.

“रडतच नाही ना, अक्का!” सुनेत्रा म्हणाली. “शाळा नुकती सुरू झालीय, बाकीच्या वर्गांत आईच्या नावानं टाहो चाललाय. माझ्या वर्गात या. टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

अक्का इचलकरंजीत बालवाडी चालवतात आणि बालवाडीच्या बायांना शिकवून तयार करतात. आसपासच्या गावांतल्या किती बाया त्यांच्या हाताखालून गेल्या! मीही त्यांतलीच एक; तेव्हा त्यांच्याच बालवाडीत वर्ग घेत होते. अक्कांचं नाव निघालं की आमची मान अजून ताठ होते, ते लपवू कशाला?

सुनेत्राही तिथंच शिकवायची, आमच्या तुकडीत पहिली आलेली. हे ती कुणाला विसरू देत नसे. शेजारच्या कबनूर गावात अक्कांची नवी बालवाडी निघायची होती आणि ती आपल्यालाच मिळणार, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आज ती तेच पक्कं करायला आली होती. मी कोपऱ्यात खिचडीचे तांदूळ निवडत बसले होते.

“रडू थांबवतेस कसं?”

“सोपं आहे. ओठ वाकडा झाला की म्हणायचं, ते बघ, काऊ आला! पडलं तर टाळी वाजवायची, मुंगी मेली, मुंगी मेली! मूल विसरून जातं. डोळ्यांत पाणी यायच्या आत हसू आणायचं, हीच तर आपली विद्या.”

“कुणाची?”

“तुमचीच की, अक्का.”

अक्का चष्मा पुसत राहिल्या… मग उठल्या. “चल, बघू.”

मीही मागोमाग गेले. वर्ग खरंच शांत होता. खोटं का बोलू, मला हेवा वाटला. माझ्या वर्गात त्या आठवड्यात दोघं दाराला धरून रडत होती आणि तिसरं त्यांना बघून.

अक्का दिसताच समर्थ नावाचा एक मुलगा धावत सुटला आणि उंबऱ्याला अडखळून फरशीवर आपटला. गुडघा फुटला, रक्त आलं.

त्यानं आधी सुनेत्राच्या तोंडाकडं पाहिलं.

मग स्वतःच टाळी वाजवली. “मुंगी मेली!” म्हणाला आणि हसला. सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला. “मुंगी मेली, मुंगी मेली!”

“बघितलंत?” सुनेत्राला आभाळ ठेंगणं झालं होतं.

अक्का खाली बसल्या. त्याच्या गुडघ्यावर पाणी घातलं. पोरगं हसतच होतं, पण हनुवटी थरथरत होती. त्यानं अक्कांच्या कानाला तोंड लावलं. कुजबुज लहान मुलाची, सगळ्यांना ऐकू आली.

“अक्का, मी रडलो नाही. बाईंना सांग.”

आम्ही परत अक्कांच्या खोलीत आलो. मी पुन्हा तांदूळ पुढ्यात ओढले.

“कबनूर तुला द्यायचं नाही,” अक्का म्हणाल्या.

“…का?”

अक्कांनी चष्मा काढून ठेवला.

“मी पहिली आलेय, अक्का! सासूबाईंनी पेढे आणून ठेवलेत. सगळ्या गल्लीत सांगून झालंय. मी आता घरी कुठल्या तोंडानं जाऊ?” तिचा आवाज चिरकला. डोळे भरून आले.

तेवढ्यात अक्कांनी खिडकीकडं बोट केलं. “अगंबाई, ते बघ! काऊ आला, काऊ!”

सुनेत्रा बघतच राहिली. माझ्या हातातले तांदूळ हातातच राहिले. वयानं अक्कांचं डोकं फिरलं की काय, असंच मला वाटलं.

अक्कांनी टाळी वाजवली. “मुंगी मेली, मुंगी मेली! शहाणं बाळ रडतं का कुठं?”

“माझी थट्टा करू नका!” सुनेत्रा ओरडली. अक्कांवर कुणी आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “इथं माझा जीव जळतोय आणि तुम्ही मला कावळे दाखवताय? मला काही वाटतच नाही का? मी काय…”

ती थांबली.

…

“समर्थ,” ती हळूच म्हणाली.

आणि मग जी रडली! पहिली आलेली, ताठ मानेची सुनेत्रा, भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि हुंदके देत रडली. मला तिची दया आली, आणि इतके दिवस मनातल्या मनात तिला बोल लावले त्याची लाजही वाटली.

अक्का खुर्चीवरून उठल्या आणि तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या. उपदेश नाही, समजूत नाही, ‘पुरे आता’ नाही. मी पाण्याचा पेला घेऊन उठले, तर नजरेनंच मला खाली बसवलं.

बाहेर यंत्रमागांची खटखट चालली होती.

शेवटी सुनेत्रानं पदरानं नाक पुसलं. “बरं वाटलं,” ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं.

“हं.”

“पण अक्का… तुम्ही तर काहीच केलं नाहीत.”

अक्का हसल्या. एवढी मोठी बाई, पण स्वतःचं कौतुक कधी करायची नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या चेहऱ्यावर चक्क ऐट होती.

“ते जमायला माझा उभा जन्म गेला, पोरी. तू सोमवारपासून कबनूरला सुरुवात कर.”