गच्चीने दिलेलं ऊन

एकेकाळी, म्हणजे माझ्यावर पडणारं ऊन माझंच होतं तेव्हा, मी फार तोऱ्यात असायचे. प्रमिलाकाकूंच्या घराची गच्ची ना मी!

एके दिवशी एक चकचकीत सोलर पॅनल जिना चढून वर आलं. "ताई, आम्ही फुकट बसतो. वीजही स्वस्त देऊ. फक्त पंचवीस वर्षं जागा द्या."

शेजारची गच्ची कुजबुजली, "अगं, आधी कागद नीट वाच. तुझ्या काकू कुरडया कुठे घालणार?"

"तुला कुणी विचारलं नाही, म्हणून पोटात दुखतंय," मी फणकारले आणि हो म्हणून टाकलं. फुकट म्हटल्यावर वाचायचं काय?

चैत्रात प्रमिलाकाकू चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन वर आल्या. पॅनल कडेपर्यंत पसरलं होतं, पाय ठेवायलाही जागा नव्हती. मी पॅनलला म्हणाले, "दोन दिवस जरा सरकून बसता का?"

"करारात सरकणं नाही, ताई. पंचवीस वर्षं ऊन आमचं."

काकू पातेलं उचलून शेजारच्या गच्चीवर गेल्या. तिथे कुरडया वाळू लागल्या, पोरं ओल्या कुरडया पळवू लागली. माझ्याकडे गार सावली होती, पण तिच्यात बसायला कुणी नव्हतं.

"अजून किती वर्षं गं?" शेजारणीने विचारलं.

"चोवीसच," मी म्हणाले. "पण फुकट आहे हं!"