खैऱ्या निघाला पांजरपोळात

गुरं आपलं सुखदुःख आपल्याच तोंडानं सांगत, त्या काळातली ही गोष्ट. खैऱ्या आणि मणशा हे दोन बैल एकाच जुवाखाली वाढले. खैऱ्या डावीकडे, मणशा उजवीकडे. पुढे मणशाचे डोळे गेले आणि धन्यानं त्याला डोंगरापलीकडच्या पांजरपोळात, थकल्या गुरांच्या आसऱ्याला, नेऊन सोडलं.

खैऱ्यानं मनाशी पक्कं केलं, बेंदराला भेटायला जायचं. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत.

"शिंगं रंगवून जाशील, पण त्याला दिसणार थोडंच?" गंगी शेळी म्हणाली.

"पुरणपोळी नेईन."

"तोंडात धरून? खिंडीतच गिळशील. अन् तिथं शंभर गुरं. तो आंधळा तुला ओळखणार कसा? शेपूट हलवत परत येशील, बाबा."

"ओळखो न ओळखो, मी जाणार."

बेंदराला ओवाळून झालं, तशी खैऱ्यानं डोंगराची वाट धरली. पोळी खिंडीपर्यंत टिकली, पुढं नाही.

पांजरपोळात सगळी गुरं गव्हाणीपाशी अंगाला अंग लावून उभी होती. एकट्या मणशानं मात्र आपल्या डावीकडे एका बैलाची जागा मोकळी सोडली होती. खैऱ्या तिथं जाऊन उभा राहिला.

मणशाचं रवंथ थांबलं.

"अजून माझ्याच अंगावर रेलतोस होय रे, आळशा," तो म्हणाला, आणि पुढ्यातली वैरण त्यानं तोंडानं डावीकडे सारली.