वैरणआईचा वसा आणि केवळाची गंजी

ऐका वैरणआई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा, चुळबूळ पुरे.

आटपाट गाव होतं. तिथं रंगनाथ नावाचा एक कुणबी होता. घरात म्हातारी आई होती, केवळा नावाची बायको होती. दावणीला दोन बैल, आणि केवळाला माहेराहून मिळालेली गाभण गाय, चांदी. शाळू निघाला, कणसं खुडली, कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. तोच अवकाळी पाऊस आला अन् सगळ्या भिजल्या.

मग गावाची धांदल उडाली. जो तो म्हणे, पुन्हा पाऊस यायच्या आत पेंढ्यांची गंजी रचा. केवळा पाण्याला विहिरीवर गेली. तिथं एक म्हातारी गवळण दगडाला दूध वाहत होती. "आजी आजी, कुणाचा वसा वसतेस? मला सांग."

"तुला गं कशाला? गाव हसेल, घर रागावेल, मग टाकशील."

"हसणारे हसोत. घेतला वसा टाकायची नाही."

मग म्हातारीनं वैरणआईचा वसा सांगितला. खाली दगड मांडावे, वर बाभळीच्या फांद्या पसराव्या, वैरण भुईला टेकवू नये. पेंढीतली काडी मोडून बघावी. कडकन मोडली तर रचावी, वाकली तर उन्हात घालावी. पहिली पेंढी दुसऱ्याच्या जनावराला द्यावी.

केवळा घरी आली. पेंढ्या सोडून उन्हात पसरल्या. पहिल्या दिवशी काडी वाकली. गाव हसलं, "केवळे, पेंढ्यांचं बारसं करतेस का गं?" दुसऱ्या दिवशी वाकली. सासू कडाडली, "साऱ्यांच्या गंज्या उभ्या राहिल्या. तूच काय ती शहाणी?" तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. नवरा म्हणाला, "आता रच. वैरण गेली तर चांदीला बाजार दाखवावा लागेल."

पोटुशी गाय, आईनं हातानं दिलेली! तरी केवळानं काडी घेतली. वाकली. मग पदर खोचला, कवेत मावेल तशी एकेक कवळ उचलून सारी वैरण गोठ्याच्या सपराखाली ओढली. सर आली, गेली. सकाळी पुन्हा उन्हात घातली. चौथ्या दिवशी काडी कडकन मोडली. मग पेंढ्या पुन्हा बांधल्या, पहिली पेंढी शेजाऱ्याच्या बैलाला घातली, आणि गंजी रचली.

पुढं आषाढ आला. रानात अजून हिरवं नव्हतं. गावानं गंज्या उघडल्या. आतून वाफ निघाली, कडबा काळा पडलेला, वर बुरशी. जनावरं हुंगत आणि मान फिरवीत. रंगनाथाचा धीर सुटला. आपलीही तशीच असणार म्हणून तो चांदीचं दावं सोडू लागला.

केवळा आडवी आली. "आधी गंजीत हात घाला."

त्यानं कोपरापर्यंत हात घातला. आत गार, कोरडं. पेंढी ओढली, तिला गोड वास. चांदीनं ती त्याच्या हातातूनच हिसकली. रंगनाथानं दावं पुन्हा बांधलं.

गाव दारात गोळा झालं. सासू वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "बघा रे बघा, माझ्या सुनेनं रचली! मी हिला नाही नाही ते बोलले, झडो माझी जीभ!" केवळानं घरटी पेंढ्या दिल्या. चांदी व्याली, कालवड झाली.

दुसऱ्या वर्षी गावची पहिली गंजी रचायला केवळाला बोलावणं आलं. बाप्ये खालून पेंढ्या देत, केवळा वर उभी. सासू कमरेवर हात ठेवून दटावी, "नीट द्या रे! वर माझी सून आहे."

वैरणआई केवळाला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो, कुणाची दावण उपाशी न राहो. ही साठां पेंढ्यांची कहाणी पांचा पेंढ्यांत बांधली, सुफळ झाली.